घटस्फोटात घराची वाटणी: आपल्या बेळगाव भागात काय होतं आणि काय व्हायला हवं?

वडगाव_खासबाग

मागाच्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको. माग नवऱ्याच्या नावावर, विजेचं मीटर नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. पहाटेपासून कांड्या भरणारी, तुटलेली तार जोडणारी, साड्यांच्या घड्या घालणारी बाई कागदावर 'गृहिणी'. संसार चालू आहे तोवर हे कुणाला खुपत नाही. मोडला की सगळा हिशेब कागदावरून होतो आणि त्या कागदांत तिचं नाव कुठंच सापडत नाही.

माझ्या नात्यातल्या एका बाईचा अलीकडेच संमतीने घटस्फोट झाला. त्या घराची कौलं उतरवून स्लॅब टाकला तो तिच्या स्त्रीशक्ती संघाच्या (बायकांच्या बचत गटाच्या) कर्जातून. हप्ते तिने फॉल-पिको आणि ब्लाउज शिवून फेडले. दोन्हीकडची थोर मंडळी बसली, एक रक्कम ठरली, 'यापुढे स्थावर-जंगम कशावरही माझा हक्क नाही' अशा कागदावर तिने सही केली. एवढीच रक्कम कशी आली, असं मी विचारलं. 'तेवढ्यात तिचं भागेल की,' असं उत्तर मिळालं. म्हणजे आकडा ठरला तिच्या गरजेवरून. तिने घातलेल्या पैशाचा आणि कष्टाचा विषय बैठकीत निघालाच नाही.

माझं म्हणणं इथेच आहे. पोटगी पुढच्या जगण्यासाठी असते. वाटा हा दोघांनी आधीच उभं केलेल्या घरादारातला असतो. आपल्याकडे एकरकमी पोटगी दिली की वाटाही मिटला असं धरतात, आणि बाईलाही वाटतं की आपण काहीतरी मागून घेतोय. आपलंच परत घेतोय असं तिला कुणी सांगतच नाही.

कायद्याचं मला समजलंय तेवढं लिहिते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी करा असं कलम नाही. 'बायकोला अर्धं मिळतं' हे मालिका-सिनेमांतून पसरलेलं आहे. कलम २५ मध्ये कायमची पोटगी आहे. कलम २७ मध्ये लग्नाच्या निमित्ताने मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंबद्दल कोर्ट आदेश देऊ शकतं. बाकी ज्याच्या नावावर, त्याचं.

मला रास्त वाटणारी पद्धत अशी. आधी तिचं स्त्रीधन बाजूला काढावं, त्यावर चर्चाच नको. मग लग्नाआधी ज्याचं जे होतं किंवा आईबापाकडून आलं ते ज्याचं त्याला. उरलं ते लग्नानंतर उभं राहिलेलं: घर, प्लॉट, माग, पिग्मी (रोज थोडी थोडी भरलेली बचत), सोसायटीतल्या ठेवी, आणि कर्जसुद्धा. ते नाव न बघता निम्मं व्हावं, कारण एक बाहेर कमवत होता तेव्हा दुसऱ्याने घर, म्हातारी माणसं, मुलं आणि धंद्यातलं बिनपगारी काम सांभाळलेलं असतं.

तुमच्या गावात काय बघितलंय ते लिहा. वकिली किंवा जमिनीच्या कागदांचं काम करणाऱ्यांनी तर जरूर लिहा.


उतारा_काका

अक्का, तुमचं पटतंय, खरं एक गोष्ट वेगळी करायला पाहिजे. माझं आयुष्य जमिनीच्या कागदांत गेलं. ज्या घरावरून भांडण चालालेलं असतं ते घर पुष्कळदा नवऱ्याचं नसतंच. आरटीसीच्या (कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याच्या) ९ नंबरच्या कॉलमात अजून आजोबांचं नाव, वारसा लावलेला नाही, भाऊ-भाऊ एकत्र. अशा वडिलोपार्जित जमिनीत सुनेला वाटणी मागता येत नाही, आणि घटस्फोटानंतर तिचा तिथे संबंध उरत नाही.

मुलांचं तसं नाही. आईबाप वेगळे झाले आणि लेकरू आईबरोबर आजोळी गेलं तरी वडिलोपार्जित जमिनीतला त्याचा जन्माचा हक्क जागेवर राहतो, मुलगा असो की मुलगी. समझोत्याच्या कागदात 'मुलांचाही हक्क सोडला' असं एखादं वाक्य घातलेलं मी पाहिलंय. आईने तशी सही अजिबात करू नये.

दुसरं, शहराच्या कडेचे प्लॉट. बिगर-एनए, म्हणजे कागदावर अजून शेतीच असलेल्या जमिनीत पाडलेले, नुसत्या बाँड पेपरवर घेतलेले. घर पक्कं असतं, नोंदणीचं खरेदीखत नसतं. मुखत्यारपत्र आणि करारावर मालकी जात नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०११ साली स्पष्ट केलंय. मग नवरा म्हणतो 'माझ्या नावावर काहीच नाही' आणि ते कागदोपत्री खरंही असतं. अशा वेळी बांधकामाचा खर्च कुणी केला, घरपट्टी कुणी भरली, ताबा कुणाचा, हेच मांडावं लागतं.

आणि किंमत धरताना गाईडलाईन व्हॅल्यूवर (सरकारने ठरवलेल्या दरावर) समाधान मानू नका. बाजारात त्याच गल्लीतलं घर कितीला गेलं ते विचारा. मोजणारा माणूस दोघांनी मिळून ठरवावा.


कोर्ट_आवार

मी वकिली करते, कौटुंबिक दावेच जास्त असतात. वाटा आणि पोटगी वेगळी मांडायला हवी हे अगदी बरोबर. अडचण अशी की बायका आमच्याकडे येतात तेव्हा अर्ज पोटगीचाच असतो. घराचा दावा करायला लागणारे कागद सासरच्या कपाटात राहिलेले असतात.

स्त्रीधनापासून सुरू करते, कारण तिथे कायदा सर्वांत भक्कम आहे. लग्नाआधी, लग्नात आणि नंतर तिला मिळालेलं सोनं-नाणं तिचं एकटीचं. सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा सांगितलं की स्त्रीधन नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता होत नाही. नवऱ्याने अडचणीत वापरलं तरी ते किंवा त्याची किंमत परत करण्याची जबाबदारी त्याची. हुंडा म्हणून दिलेलं असेल तर १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याचं कलम ६ म्हणतं की ज्याने घेतलं त्याने ते मुलीच्या हवाली करायचं. लग्नात किंवा लग्नानंतर घेतलं असेल तर मुदत तीन महिन्यांची.

पुरावा? आपल्याकडे लग्न ठरताना याद लिहितात. किती तोळे, कोणती भांडी, कपाट, पलंग, सगळं त्यात असतं. भेटवस्तूंची यादी ठेवण्याचे नियम १९८५ पासून आहेत, ते कुणी पाळत नाही, पण आपली याद बऱ्याच अंशी तेच काम करते. सराफाची पावती, लग्नाचा अल्बम आणि व्हिडिओ हेही चालतं. तिचे दागिने नवऱ्याने सोनेतारण ठेवले असतील तर बँकेच्या कागदावर नगवार वजन लिहिलेलं असतं. कर्ज त्याच्या नावावर असलं तरी तो कागद तिच्या कामाचा.

आता घर. दोघांच्या नावावर असेल आणि खरेदीखतात कुणाचा हिस्सा किती ते लिहिलेलं नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ लागतं. ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा. कुणी किती घातले याचा पुरावा नसेल तर दोघांचा हिस्सा सारखा धरला जातो. म्हणून पासबुकं जपून ठेवा. तुमच्या नात्यातल्या त्या ताईंच्या संघाचं कर्जाचं पासबुक आणि स्लॅब पडल्याची तारीख जुळत असेल, तर घर एकट्या नवऱ्याच्या नावावर असूनही 'यात माझे पैसे आहेत' असा दावा उभा करता येतो. तो जिंकायला सोपा नाही, पण बैठकीत आकडा ठरताना त्याचं वजन पडतं.

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की १९८४ च्या फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम ७ खाली नवरा-बायकोमधला मालमत्तेचा दावाही फॅमिली कोर्टातच चालतो. बेळगावात फॅमिली कोर्ट आहे. घटस्फोटासाठी एक कोर्ट आणि घरासाठी दुसरं, अशी पायपीट करायची गरज नाही.

आणि ४ नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल लक्षात ठेवा. पोटगीच्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरायची असते. त्या प्रतिज्ञापत्रात नवऱ्याचे प्लॉट, ठेवी, विमा, गाड्या बाहेर येतात. खोटं लिहिलं तर त्याचे परिणाम आहेत. पोटगी पगाराच्या २५ टक्के असते असं लोक सांगतात. २०१७ च्या एका निकालात तो आकडा आला होता, पण पक्का नियम असा नाही.


उद्यमबाग

माझी बाजूही ऐका. मी फौंड्रीत कामाला. फ्लॅट बायकोच्या नावावर घेतला, कारण बायकांना कर्जाचं व्याज थोडं कमी पडतं आणि घरातल्यांनीही तसंच सुचवलं. हप्ते माझ्या पगारातून गेले, अजून जातात. आता ती वेगळी राहते आणि फ्लॅट तिचा आहे म्हणते. वडगावच्या ताईंचा 'नाव बघू नका' हा नियम मलाही लागू आहे ना?


वडगाव_खासबाग

@उद्यमबाग, होय दादा, लागू आहे. नाव न बघता वाटणी म्हणजे दोन्हीकडून नाव न बघता. तुमच्या हप्त्यांचा हिस्सा तुम्हाला मिळायला हवा. त्याच काळात घर आणि मुलं तिने सांभाळली असतील तर तिचाही त्यात वाटा आहेच. म्हणून मी निम्मं म्हणते.


कोर्ट_आवार

@उद्यमबाग, कायद्याचं सांगते. स्वतःच्या ज्ञात उत्पन्नातून बायकोच्या नावावर घेतलेली मालमत्ता २०१६ च्या दुरुस्तीनंतर बेनामी (खरा मालक लपवून दुसऱ्याच्या नावावर घेतलेली) धरत नाहीत, त्यामुळे तुमचा दावा त्या मुद्द्यावर अडणार नाही. पण खरा मालक मी आहे हे सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. ते घर तुम्ही तिला भेट म्हणून घेऊन दिलं असं ती म्हणू शकते. सगळ्या हप्त्यांचे बँक उतारे काढून ठेवा, आणि भांडणाच्या रागात हप्ते थांबवू नका. कर्जावर तुमची सही असेल तर बँक तुमच्याकडेच येणार. घटस्फोटाचा हुकूम बँकेला बांधील नसतो.


चोर्ला_घाट

माहेर खानापूर तालुक्यात, सासर गोव्यात. घाट उतरला की कायदाच बदलतो हे मला लग्नानंतर कळलं. गोव्यात १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १९६१ नंतरही चालू राहिला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता दोघांची सामाईक धरतात. नवऱ्याला घर विकायचं झालं तर बायकोची सही लागते. घटस्फोट झाला तर निम्मं-निम्मं, आणि कर्जाचाही भार दोघांवर.

माझ्या शेजारणीचा संसार मोडला तेव्हा तिला घरातला वाटा मागण्यासाठी आपण किती कष्ट केले याचा पुरावा द्यावा लागला नाही. लग्नाची नोंद हाच पुरावा. वडगावच्या ताई जी पद्धत मागतायत ती बेळगावपासून दोन तासांवर चालू आहे आणि त्याने कुणाची घरं बुडालेली नाहीत.

मात्र खानापूर, जांबोटीकडच्या मुलींना एक सांगते. नवरा गोव्यात नोकरीला आहे एवढ्यावर हा कायदा लागत नाही. नवरा मूळचा गोव्याचा आहे का, लग्नाची नोंद कुठे आणि कोणत्या कायद्याखाली झाली, हे बघावं लागतं. नोंदणीचे कागद घेऊन तिथल्या वकिलाला दाखवा.


निपाणी_जत्राट_वेस

आमच्याकडे बिडी आणि तंबाखूतली बाई स्वतः कमावते. तिच्या बिडीच्या पैशावर घर चालतं आणि नवऱ्याच्या पैशातून प्लॉट घेतला जातो. मग कागदावर दिसतं की प्लॉट त्याच्या पैशाचा. तिची कमाई तेल-मिठात, शाळेच्या फीत आणि सासूच्या औषधात गेली, त्याची पावती कोण ठेवतं? तिने किराणा भरला म्हणून त्याला प्लॉटचे हप्ते भरता आले, हे कुणी मोजत नाही.

ज्यांचं बिडी कार्ड आहे आणि पीएफ कापला जातो त्यांनी ते कागद सांभाळावेत. ही बाई इतकी वर्षं कमावत होती हे त्यातून दाखवता येतं. उसाचंही तसंच. बिल नवऱ्याच्या खात्यावर जमा होतं, भांगलण आणि लावणीला बायको रानात. तिच्या कामाची मजुरी धरली तर गड्याला किती द्यावे लागले असते, एवढा तरी हिशेब बैठकीत मांडावा. आम्ही एका ठिकाणी तो मांडला तेव्हा समोरच्या पंचांनी ऐकून घेतलं आणि रक्कम वाढवली.


चंदगड_शिनोळी

एक शंका. बहिणीचं सासर चंदगड तालुक्यात, ती आता बेळगावला आमच्याकडे असते. नवऱ्याने तिकडे महाराष्ट्रात दावा लावलाय. तारखेला तिला तिकडे जावं लागतं. खरं अंतर तासाभराचं, पण मूल लहान आहे. दावा बेळगावला आणता येतो काय?


कोर्ट_आवार

@चंदगड_शिनोळी, तुमच्या बहिणीला स्वतःचा दावा बेळगावात लावता येतो. २००३ च्या दुरुस्तीनंतर बायको जिथे राहते तिथल्या कोर्टात तिला हिंदू विवाह कायद्याखाली अर्ज करता येतो. पण त्याने आधीच लावलेला दावा इकडे आणायचा तर राज्य बदलतं, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा हलवण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टाचा. चंदगडहून गडहिंग्लजला न्यायचा असता तर ते तिकडच्या तिकडे झालं असतं. बेळगावसाठी दिल्लीला अर्ज. सीमाभागातल्या बायकांवर हा भार नाहक पडतो आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही, हे मला मनापासून खटकतं. आधी त्या कोर्टात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहण्याची आणि येण्याजाण्याच्या खर्चाची मागणी करा. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.


शेतकरी_आण्णा

सगळं वाचलं. मी थोडं विरुद्ध लिहितो, राग मानू नका. निम्मं-निम्मं शहरातल्या फ्लॅटला ठीक आहे. आमच्याकडे दीड-दोन एकर रान, त्यावर आईबाप, धाकटा भाऊ, बैलजोडी, सोसायटीचं कर्ज. त्यातलं निम्मं सुनेला गेलं तर राहिलेल्यांनी खायचं काय? शिवाय आता लेकींना माहेरी वाटा आहे. कर्नाटकाने तर देशाच्या आधी, १९९४ साली लेकींना वाटा दिला. बाईला माहेरचा वाटा आणि सासरचाही वाटा, हे दुहेरी होत नाही काय?


वडगाव_खासबाग

@शेतकरी_आण्णा, राग कसला, हाच प्रश्न प्रत्येक बैठकीत निघतो, म्हणून नीट उत्तर देते.

वडिलोपार्जित रान मी मागितलेलंच नाही. वर लिहिलंय की आईबापाकडून आलेलं ज्याचं त्याला. मी बोलतेय ते लग्नानंतर उभं राहिलेल्याबद्दल. त्याच रानात दोघांनी मिळून पाडलेली बोअर, बांधलेला गोठा, घेतलेला ट्रॅक्टर, नंतर विकत घेतलेलं अर्धं एकर. तेही तुकडे करून वाटायला पाहिजे असं नाही. किंमत धरा आणि तिच्या हिश्शाचे पैसे हप्त्याने द्या. रान मोडत नाही आणि तिचंही बुडत नाही.

माहेरच्या वाट्याचं म्हणाल तर कागदावर तो आहे. कर्नाटकाची दुरुस्ती ३० जुलै १९९४ पासून लागू झाली, पण त्याआधी लग्न झालेल्या लेकी त्यात नव्हत्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने लेकीचा हक्क जन्माने आहे हे पक्कं केलं. प्रत्यक्षात किती लेकी तो घेतात ते तुम्हीच तुमच्या गावात बघा. भावाशी माहेरपण टिकावं म्हणून बाई हक्कसोड करून देते. आणि घेतला तरी तो तिच्या बापाच्या घरचा आहे. तिच्या नवऱ्यालाही त्याच्या बापाकडून वाटा येतोच की, तेव्हा आपण त्याला 'तुझं दुहेरी झालं' असं म्हणत नाही. दोघांनी मिळून बांधलेल्या घराचा हिशेब वेगळा ठेवायला हवा.


शेतकरी_आण्णा

किंमत धरून हप्त्याने द्यायचं असेल तर माझी हरकत नाही. माझी भीती तुकडे पडण्याची होती. बोअर आणि गोठा दोघांचा, हे मान्य.


कॅम्प_बेळगाव

फौजेतल्या घरची म्हणून लिहिते. आपल्याकडे घराघरात जवान आहेत, आणि नवरा दूर पोस्टिंगवर असला की बायकोला वाटतं कोर्ट कधी गाठायचं. १९५० च्या आर्मी ॲक्टच्या कलम ९० आणि ९१ खाली बायको-मुलांच्या पोटगीसाठी पगारातून थेट कपात करता येते. त्यासाठी युनिटला लेखी अर्ज करायचा. ही पोटगी झाली, घराचा वाटा यात येत नाही, पण दावा चालतो तोवर हातात काहीतरी पडतं. हातात पैसे नसले की बाई कसल्याही आकड्यावर सही करते. मी हे जवळून पाहिलंय.


टिळकवाडी_वाचक

वकीलबाई, संमतीने घटस्फोट घेताना कागदात नेमकं काय लिहून घ्यावं? आणि कोर्टाचा कल बायकोच्या घरकामाकडे बघण्याचा बदलतोय का?


कोर्ट_आवार

दुसऱ्या प्रश्नाचं आधी. २०१० साली विवाह कायदे दुरुस्ती विधेयक आलं होतं. नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेत बायकोला वाटा देण्याची तरतूद त्यात नंतर घातली गेली. राज्यसभेने ते ऑगस्ट २०१३ मध्ये मंजूर केलं, लोकसभेत ते झालं नाही आणि २०१४ मध्ये बारगळलं. त्यानंतर जून २०२३ मध्ये मद्रास हायकोर्टाने एका निकालात म्हटलं की नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत घर सांभाळणाऱ्या बायकोचाही सारखा वाटा आहे, कारण तिने घर सांभाळलं म्हणूनच तो कमावू शकला. तो नवरा परदेशी नोकरीला होता. आपल्या धारवाड खंडपीठाला तो निकाल बांधील नाही, पण आम्ही युक्तिवादात तो दाखवतो. उलट बाजूही सांगायला हवी. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की पोटगीचा उद्देश दोघांची संपत्ती समान करणं हा नाही. तुम्ही सगळे जो वाटा म्हणताय तो पोटगीच्या कलमात बसवून मिळणार नाही. त्याला वेगळा कायदाच लागेल आणि तो व्हावा असं माझंही स्पष्ट मत आहे.

आता कागद. 'सर्व हक्क सोडले' हे एक वाक्य लिहून सही घेतात, ते करू नका. स्त्रीधन किती परत मिळालं, पोटगी किती आणि घराच्या हिश्शापोटी किती, हे तिन्ही वेगवेगळं लिहून घ्या. आकडा एकच असला तरी फोड हवी.

घर किंवा जमीन तिला द्यायची ठरली तर नुसत्या समझोत्यावर विसंबू नका. दाव्याचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता तडजोडीच्या हुकुमात आली तर त्या हुकुमाची नोंदणी लागते. सर्वांत बरं म्हणजे सब-रजिस्ट्रारकडे नोंदणीचा दस्त करून घ्यायचा आणि उताऱ्यावर नाव लागेपर्यंत पाठपुरावा करायचा. दस्ताआधी ईसी (बोजा दाखवणारा दाखला) काढून घरावर बोजा आहे का ते बघा.

पैसे हप्त्याने मिळणार असतील तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ खाली कोर्टाला ती रक्कम नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून ठेवता येते. तशी मागणी अर्जातच करा. जमीन असेल तर तो बोजा आरटीसीच्या ११ नंबरच्या कॉलमात चढवून घ्या, म्हणजे तो गुपचूप जमीन विकू शकणार नाही. हे मागायचं बहुतेकांच्या ध्यानात येत नाही आणि मग दोन हप्त्यांनंतर पैसे थांबतात.

संमतीच्या घटस्फोटात पहिल्या आणि दुसऱ्या अर्जामध्ये सहा महिने असतात. २०१७ च्या निकालानंतर ते काही प्रकरणांत माफ होतात. या मधल्या काळात दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून काही रक्कम पहिल्या अर्जाला आणि उरलेली दुसऱ्या अर्जाच्या वेळी कोर्टासमोर, असं ठरवा.

आपल्या भागासाठी आणखी एक. दस्त आणि समझोत्याचे मसुदे पुष्कळदा कन्नडमध्ये असतात. खाली 'वाचून दाखवलं, समजलं' असं छापलेलं असतं. कन्नड वाचता येत नसेल तर घाईत सही नको. मसुदा आदल्या दिवशी मागा, आपल्या माणसाकडून ओळ न् ओळ वाचून घ्या, प्रत स्वतःकडे ठेवा.

घरात राहण्याबद्दलही लिहिते, कारण ते विसरलं जातं. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने बायकोला संसार झालेल्या घरात राहण्याचा हक्क आहे, आणि ऑक्टोबर २०२० च्या निकालानंतर सासऱ्याच्या नावावरचं घरही त्यात येऊ शकतं. ती मालकी नव्हे. पण बोलणी चालू असताना ती त्या घरात असणं आणि माहेरी असणं यात फार फरक पडतो. कपाटातले कागद तिथेच असतात.


टिळकवाडी_वाचक

खूप आभार. शेवटचं एक विचारते. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात याद लिहिली होती, पण तिच्यावर सह्या नाहीत, आणि आमच्याकडची प्रत सापडत नाही. तिचा उपयोग होईल का?


कोर्ट_आवार

होईल. सह्या नसल्या तरी याद कुणी लिहिली आणि त्या वेळी कोण कोण बसलं होतं हे महत्त्वाचं. लिहिणारे बहुधा मामा किंवा गावातले एखादे जाणते असतात. त्यांची साक्ष घेता येते. दोन्हीकडे एकेक प्रत असते, म्हणून नवऱ्याकडची प्रत कोर्टात हजर करायची मागणी करता येते. त्याच्या जोडीला सराफाची पावती आणि लग्नाचा व्हिडिओ लावा. ज्यांच्या लग्नाला बरीच वर्षं झालीत त्यांनी यादेच्या प्रतीचा आत्ताच मोबाईलवर फोटो काढून तो भावाबहिणीकडेही पाठवून ठेवावा. शाई उडते आणि लिहिणारी माणसं म्हातारी होतात. तुमच्या मावसबहिणीची याद कुणी लिहिली ते कळलं की त्यांच्याकडून नगांची नावं आणि वजनं आठवतील तेवढी लिहून घ्या आणि मग मला कळवा.